अंजिरांचा वास

मुंजीने वजनकाटा अंगणाच्या मधोमध ठेवला, पायाने ढकलून सरळ केला आणि बायकोकडे, सलूहाकडे, न बघताच म्हणाला, "चढ."

जेवण झालं होतं, कुसकुसची परात अजून उचलायची होती. मुंजीची थोरली बहीण मबरूका, घरातल्या सगळ्यांची लल्ला, म्हणजे ताई, हाडाला चिकटलेलं मांस बोटांनी सोडवत होती, तिचा हात थांबला. सलूहाने ओले हात झग्याला पुसले.

"आत्ता? भरल्या पोटी?"

"आत्ताच. साक्षीदार आहेत तोवर."

ती चढली. मुंजी वाकला आणि मासळीबाजारात लिलाव पुकारावा तसा आकडा त्याने मोठ्याने वाचला. मग सदरा काढून, बनियनवर तो स्वतः चढला आणि आपला आकडा त्याहून मोठ्याने वाचला. उतरल्यावर त्याने पट्ट्याला नव्याने पाडलेलं भोक बहिणीला दाखवलं.

"एकाच ताटातलं जेवण, एकच रस्ता, तेलसुद्धा चमच्याने मोजून. मी उतरलो, ही आहे तिथेच. आता तूच सांग, लल्ला, चोरून खाल्ल्याशिवाय हे होतं का?"

"बाईमाणसाला वेळ लागतो रे," मबरूका म्हणाली. पण भावाचा उतरलेला चेहरा तिला कौतुकाचा वाटत होता, म्हणून तिने पुढे जोडलं, "तशी आपली आई पन्नाशीतही गळाच्या काठीसारखी होती म्हणा."

"तिला खायलाच मिळत नव्हतं, लल्ला," सलूहा म्हणाली आणि परात उचलून आत गेली.

मागून मुंजीचं हसू ऐकू आलं. "पिठाचा गोळा आहे नुसता. झाकून ठेवला की फुगतो."

मुंजी महदिया या समुद्रकाठच्या गावात, मुलांच्या शाळेत खेळाचा मास्तर होता. उभा जन्म त्याने जाड्या पोरांच्या मागे धावण्यात आणि त्यांना नावं ठेवण्यात घालवला होता. शरीर म्हणजे शिस्त, बाकी सगळ्या सबबी, हे त्याचं वाक्य गावातल्या दोन पिढ्यांना पाठ होतं. निवृत्त झाल्यावर हिणवायला पोरं उरली नाहीत. मग त्याचं लक्ष घरात वळलं आणि ईद झाल्या झाल्या त्याने जाहीर केलं की आता दोघांनीही बारीक व्हायचं. एकाच ताटात जेवायचं, एकत्र चालायचं, म्हणजे कोणाला तक्रारीला जागा नको.

सलूहाने तक्रार केली नाही. ती मोनास्तीर रस्त्यावरच्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणाऱ्या बायकांवर देखरेख करायची. शरीरं कशी बदलतात हे तिने टेपने मोजून पाहिलं होतं. तिची स्वतःची चरबी आधी मांड्यांवर आणि नितंबांवर असायची. पाळी थांबली आणि ती तिथून उठून पोटावर येऊन बसली. झग्याची शिवण खाली आवळावी लागली आणि कमरेला उसवावी लागली. आपण चोरून काही खात नाही हे तिला ठाऊक होतं. पण हे मुंजीला पटवावं असं तिला कधी वाटलं नाही. ज्या माणसाला पटवायचं, त्याच्याबद्दल थोडा तरी आदर असावा लागतो. मुंजीकडे ती अलीकडे वाईट बेतलेल्या कोटाकडे पाहावं तसं पाहायची. दोष कुठे कुठे आहेत हे एका नजरेत दिसायचं, आणि दुरुस्त करण्यात अर्थ नाही हेही.

संध्याकाळी ते दोघं भूशिराला वळसा घालून चालायला जात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला उतारावरच्या पांढऱ्या कबरी. मुंजी पुढे, सलूहा मागे, मध्ये चांगलं अंतर. मुंजीच्या हातात पाण्याची मोठी बाटली असे आणि ती दीपगृह यायच्या आतच रिकामी होई.

"पाणी चरबी धुऊन नेतं," तो मागे न वळता ओरडे. "तूही पी!"

मग तो भिंतीच्या आडोशाला जाई. परतताना पुन्हा एकदा. सलूहा समुद्राकडे तोंड करून उभी राही. हल्ली चढावर तो दम खायला थांबायचा, पण बुटाची नाडी बांधायच्या मिषाने. तिला दम लागत नसे. मुंजीच्या डोक्यात हे कधी आलं नाही आणि तिनेही ते त्याच्या नजरेला आणून दिलं नाही.

अशाच एका संध्याकाळी नाडी बांधून उठताना त्याने आधारासाठी तिचा खांदा धरला आणि तोंड तिच्या तोंडाजवळ आलं. एक गोडसर वास आला. पिकून फुटलेल्या फळासारखा, आणि मागून झोंबणारी धार. सलूहाने मान वळवली.

तिला हा वास माहीत होता. शेजारचा तिजानी, निवृत्त पोस्टमन, रोज संध्याकाळी अंजिरांची दारू प्यायचा आणि त्याचा असाच वास जिन्यात रेंगाळायचा. या एका वासापायी मुंजीने तिजानीशी हात मिळवणं सोडलं होतं. "माणूस नाही, सडलेल्या अंजिरांची टोपली आहे," असं तो चारचौघांत म्हणायचा.

आणि आता हा.

सलूहा पुन्हा मागे राहून चालू लागली. पण त्या दिवशी मागून चालताना तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं होतं. तेलाचे चमचे मोजणारा, शिस्तीचे धडे देणारा हा माणूस चोरून पितो. म्हणूनच तहान, म्हणूनच सारखं आडोशाला जाणं, म्हणूनच सकाळी ओढलेला चेहरा. सगळं जुळत होतं. तिने बाटली शोधली नाही. शोधली असती तर भांडण झालं असतं, त्याने शपथा घेतल्या असत्या, रडला असता कदाचित, आणि मग सगळं संपलं असतं. त्यापेक्षा हे असं बरं होतं. तो ताटावर तिला घालूनपाडून बोलायचा आणि ती त्याच्या तोंडाचा वास घेत शांतपणे पाव मोडायची. वास दिवसेंदिवस वाढत गेला. सलूहाची शांतीही वाढत गेली.

"हल्ली उलटून बोलत नाहीस," मुंजी एकदा म्हणाला. "सुधारलीस की काय?"

"तुझी कृपा," ती म्हणाली.

उन्हाळा सरता सरता गावातल्या क्रीडामंडळाच्या हॉलमध्ये वैद्यकीय महाविद्यालयाची माणसं आली. पन्नाशी ओलांडलेली जोडपी त्यांना हवी होती. वयाने आणि बाई-पुरुष असण्याने शरीर चरबी कशी साठवतं आणि कशी जाळतं, हे त्यांना श्वासावरून मोजायचं होतं. मुंजीने दोघांचीही नावं लगेच दिली.

"आता मशीन सांगेल चोर कोण ते," तो मबरूकाला फोनवर म्हणाला, सलूहाला ऐकू जाईल अशा बेताने.

हॉलमध्ये सगळ्यांना सारखीच न्याहारी दिली गेली. पाव, जर्दाळूचा मुरंबा, गोड चहा. मुंजीने सगळं संपवलं आणि दोनदा पाणी मागून घेतलं. डॉक्टर फातेन म्हणून एक तरुण बाई हे काम बघत होत्या. केस घट्ट बांधलेले, बोलणं नेमकं. त्यांनी आधी सलूहाला सायकलवर बसवलं, तोंडावर मुखवटा चढवला आणि सावकाश पाय मारायला सांगितलं. मुंजी बाकी जोडप्यांच्या पुढे, हात पाठीमागे बांधून, शाळेच्या मैदानात उभा राहायचा तसा उभा राहिला.

"गुडघे वर! वर!" तो म्हणाला. कोणीतरी हसलं.

सलूहा न थांबता पाय मारत राहिली. मुखवटा काढल्यावर डॉक्टरांनी पडद्यावरची रेघ तिला दाखवली.

"छान, मावशी. तुमचे स्नायू चरबी उत्तम जाळतायत. तुमच्या वयाच्या बहुतेक पुरुषांपेक्षा चांगली."

"मशीन बिघडलंय," मुंजी म्हणाला.

"बिघडलं नाही, काका. बराच वेळ हळूहळू श्रम करायचे असतील तर बाईचं शरीर पुरुषापेक्षा जास्त चरबी वापरतं."

"मग जाते कुठे ती चरबी? मी तर उतरलो, ही नाही."

"श्रम थांबले की बाईचं शरीर साठवायला बसतं. तरुणपणी ते मांड्यांवर साठवतं, पाळी गेली की पोटावर. वय वाढलं की साठलेली चरबी बाहेर पडायचा वेगही मंदावतो, तुमचा आणि यांचाही. पुरुषाच्या पोटावरची आधी आणि लवकर जाते, म्हणून सुरुवातीला तोच जिंकल्यासारखा दिसतो. एका ताटात जेवलात तरी शरीरं दोन वेगळी आहेत."

"वा," मुंजी मागच्या लोकांकडे वळला. "चोराला वकील मिळाला."

या वेळी फारसं कोणी हसलं नाही. सलूहा सायकलवरून उतरून खुर्चीवर बसली. तिला त्या मुलीच्या बोलण्याचा आनंद झाला नव्हता. इतक्या वर्षांनी कुणीतरी आपली बाजू घेतली आणि तीसुद्धा या माणसाला समजावण्यासाठी वाया गेली, एवढंच तिला वाटलं.

मग मुंजीचा नंबर लागला. आधी नुसतं आडवं पडून श्वास घ्यायचा होता. डॉक्टरांनी मुखवटा चढवला आणि पडद्याकडे पाहिलं. नळीचे जोड तपासले, पुन्हा पाहिलं.

"काका, न्याहारी केलीत ना?"

मुंजीने मुखवट्यातून हुंकार भरला.

"पाव, मुरंबा, सगळं?"

"सगळं. का?"

"इतकं गोड खाल्ल्यावर शरीर साखर जाळायला लागतं. तुमचं लागलेलं नाही. तुम्ही पडल्या पडल्या नुसती चरबी जाळताय."

मुंजीने मुखवटा ओढून काढला आणि कोपरावर उठला. त्याचा चेहरा खुलला होता.

"ऐकलंस?" तो सलूहाला म्हणाला. "पडल्या पडल्या! याला म्हणतात कमावलेलं शरीर. विशीतल्या पोराचं!"

डॉक्टर फातेन त्याच्यावर वाकल्या. क्षणभर त्या तशाच राहिल्या, नाकाने श्वास घेत. मग त्यांचा आवाज बदलला.

"तहान कधीपासून लागते इतकी?"

"पाणी मी मुद्दाम पितो, चरबी..."

"लघवीला रात्री किती वेळा उठता?"

मुंजीने मागच्या लोकांकडे पाहिलं. डॉक्टरांनी त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला. हातातल्या छोट्या यंत्रावर आकडा आलाच नाही. साखर यंत्राच्या मोजण्यापलीकडे गेली होती. त्यांनी पडदा ओढून घेतला, मदतनिसाला रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं आणि सलूहाला पडद्याबाहेर बाजूला घेतलं.

"त्यांच्या शरीराला साखर वापरताच येत नाहीये, मावशी. खाल्लेलं सगळं लघवीवाटे जातंय आणि जगायचं म्हणून शरीर स्वतःचीच चरबी खातंय. हे बारीक होणं नव्हे. अजून काही दिवस गेले असते तर बेशुद्ध पडले असते." मग जरा थांबून, आवाज उतरवून, "त्या जळणाऱ्या चरबीचा वास तोंडाला येतो. सडलेल्या फळासारखा. घरी तुम्हाला आला नव्हता?"

"आला होता."

"कधीपासून?"

"बरेच दिवस."

डॉक्टरांनी हातातलं छोटं यंत्र खाली ठेवलं.

"मला वाटलं, पितोय," सलूहा म्हणाली.

"मग विचारलं नाहीत?"

सलूहाने झग्याच्या बाहीवरचा एक सुटा दोरा बोटाला गुंडाळला. तो तुटला. डॉक्टर फातेनच्या डोळ्यांत जे आलं ते तिने नीट ओळखलं. मुंजी जाड्या पोरांकडे बघायचा तेव्हा त्याच्या डोळ्यांत हेच असायचं. एवढंच की या मुलीने ते लगेच आवरलं. पडद्यापलीकडे, हातभर अंतरावर मुंजी आडवा होता. तिथून काही आवाज आला नाही.

दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा निम्मा झाला होता. चालताना भिंतीला हात लावायचा. पण इन्सुलिन सुरू झालं तसं अंग भरायला लागलं. सुई साखर वापरायला लावते आणि चरबीलाही तिच्या जागी परत बसवते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काही आठवड्यांत पट्ट्याचं नवं भोक निरुपयोगी झालं, मग त्याच्या आधीचंही. पोट परत आलं, जिथे होतं तिथेच. मुंजी सदरा पँटच्या बाहेर सोडायला लागला.

स्वतःला टोचून घेणं त्याला जमत नव्हतं. उभ्या जन्मात ज्याने पोरांचे गुडघे फुटले तरी त्यांना रडू दिलं नाही, तो सुई पाहिली की डोळे मिटायचा. त्यामुळे ते काम सलूहाकडे आलं. पोटावर, बेंबीपासून चार बोटं सोडून, चरबी चिमटीत धरायची आणि त्यात टोचायचं. रोज ती त्याच्यासमोर बसायची, त्याच्या पोटाची मऊ घडी दोन बोटांत उचलायची. काही बोलायची नाही. बोलण्यासारखं पुष्कळ होतं आणि ते सगळं दोघांनाही माहीत होतं. मुंजी तेवढा वेळ छताकडे बघत राहायचा, शिक्षेची वाट पाहणाऱ्या पोरासारखा, मान ताठ करून. शिक्षा येत नसे. ती सुई काढून बोळा दाबायची आणि उठायची.

मग एका संध्याकाळी ते पुन्हा समुद्राकडे निघाले. आता तो तिच्या शेजारून चालत होता, कारण त्याला तिचा दंड धरावा लागत होता. मासेमारीच्या बंदरापाशी तिजानी भेटला. तो नेहमीच्या सवयीने दोन पावलं लांबच थांबला, हात खिशात घालून.

"अल्लाने वाचवलं म्हणे," तो म्हणाला.

"हिने वाचवलं," मुंजी म्हणाला.

सलूहाने त्याच्याकडे पाहिलं.

"हिला माझ्या तोंडाचा वास आला," मुंजी सांगत होता. त्याने तिचा दंड जरा घट्ट धरला. "मला काही कळत नव्हतं, मी आपला मिरवत होतो. हिने ओळखलं. त्या डॉक्टरणीला हिनेच सांगितलं. घटकाभर उशीर झाला असता तर आज त्या उतारावर असतो, पांढऱ्या चुन्यात."

"नशीबवान आहेस," तिजानी म्हणाला. "माझ्या तोंडाला तसला वास आला असता तर माझी बायको म्हणाली असती, प्यायला मेला!"

तो स्वतःच मोठ्याने हसला. मुंजीही हसला, आणि इतक्या वर्षांनी त्याने तिजानीपुढे हात केला. तिजानीने गोंधळून तो हातात घेतला.

"हिच्या मनात असलं येणार नाही," मुंजी म्हणाला. "मी ओळखतो हिला."

सलूहाने बंदरात परतणाऱ्या होड्यांकडे तोंड फिरवलं. जाळी उतरवणारे कोळी एकमेकांना शिव्या देत होते, ती त्या ऐकत राहिली. परतताना तिने दोनदा चोरून मुंजीचा चेहरा पाहिला. तो पायाखालचा रस्ता बघत, जपून चालत होता. त्या चेहऱ्यात टोमणा शोधला तर सापडेना. नाही असंही म्हणता येईना.

घरी येऊन तिने दिवा लावला. जेवणाआधीची सुई तयार केली. तो पलंगाच्या कडेला बसला, सदरा वर केला. ती समोर बसली, त्याच्या पोटाची घडी चिमटीत उचलली आणि थांबली.

"माझं वजन पुन्हा वाढलंय," ती म्हणाली.

"बरं."

"काल बाजारातल्या काट्यावर पाहिलं. चांगलं वाढलंय."

"वाढू दे. ती पोरगी म्हणाली ना, वयाचं असतं ते. तुझा काय दोष?"

"तूच म्हणायचास ना, चोरून खाल्ल्याशिवाय होत नाही म्हणून?"

"म्हणायचो."

"मग आता म्हण."

मुंजीने छतावरची नजर खाली आणली आणि पहिल्यांदाच, सुई समोर असताना, तिच्याकडे पाहिलं.

"काय म्हणू?"

तिने सुई टोचली.

"हात हलका आहे तुझा," मुंजी म्हणाला. "कळलंसुद्धा नाही."

औषध सगळं आत उतरेपर्यंत सुई लगेच काढायची नसते. सलूहा तशीच धरून बसली, खाली मान घालून, आणि काढायची वेळ होऊन गेली तरी बसून राहिली.